नवख्यांसाठी लिनक्स मिंट : जुन्या लॅपटॉपवरच्या वापराचा आढावा

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठीची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली आणि घरांत, शाळांत, पतसंस्थांत व वाचनालयांत सुस्थितीत चालणारे असंख्य संगणक एकाएकी अडचणीत आले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. 2016 च्या सुमारास घेतलेल्या लॅपटॉपमध्ये असा प्रोसेसर नसतो. माझा लॅपटॉपही त्याच काळातला, सहाव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आणि 4 जीबी रॅमचा आहे. अशा यंत्रासाठी, आणि विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सला आजवर हातही न लावलेल्या माणसासाठी, लिनक्स मिंट ही मुक्तस्रोत (जिचा कोड सर्वांना खुला असतो अशी) संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) सर्वांत सुरक्षित पहिली निवड आहे, असे माझे मत वापरानंतर पक्के झाले आहे. मात्र आपले रोजचे काम नेमक्या कोणत्या सॉफ्टवेअरवर अडून आहे, हे बदल करण्यापूर्वी नीट तपासले पाहिजे. तांत्रिक ज्ञान कमी असलेली माणसे मिंटवर सुखाने नांदताना मी पाहिली आहेत आणि संगणकातले जाणकार एका सॉफ्टवेअरपायी परत फिरलेलेही पाहिले आहेत.

क्लेमां लफेव्र यांनी 2006 मध्ये मिंटचा प्रकल्प सुरू केला. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या पायाभूत धरून मिंट तयार होते. सध्याची 22 ही मालिका उबुंटू 24.04 वर उभी असून तिला 2029 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत ती मिळते. तिन्हींचा गाभा एकच असून फरक असतो तो पडद्यावरच्या मांडणीचा आणि यंत्रावर पडणाऱ्या भाराचा. किमान 2 जीबी आणि सोयीसाठी 4 जीबी रॅम, तसेच किमान 20 जीबी जागा असावी, असे प्रकल्पाचे सांगणे आहे. माझ्या 4 जीबीच्या लॅपटॉपवर सिनॅमन चालते, परंतु ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडले की ते धापा टाकू लागते. तेवढीच रॅम असलेल्यांनी सरळ एक्सएफसीई घ्यावे. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती बदलून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याने जो वेग मिळतो, तो कोणतीही संचालन प्रणाली बदलून मिळत नाही. मिंट फुकट असल्याने वाचलेले पैसे तिथेच खर्च करावेत.

विंडोजची सवय असलेल्या माणसाला मिंट परके वाटत नाही, हा तिचा पहिला गुण. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वाय-फाय, फाइलवर उजवी कळ दाबली की अपेक्षित पर्याय, हे सगळे जिथल्या तिथे सापडते. इतर काही लिनक्स प्रणाली दिसायला अधिक आधुनिक आहेत, पण नवख्याचा पहिला आठवडा तिथे नुसती बटणे शोधण्यात जातो.

त्याहून मोठा गुण असा, की लॅपटॉपवरच्या कशालाही धक्का न लावता मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. डाउनलोड केलेली सुमारे 3 जीबीची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली सामावलेली एकच फाइल) रूफस किंवा बलेना एचर या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवायची (नुसती कॉपी करून चालत नाही आणि पेनड्राइव्हवरचा आधीचा मजकूर पुसला जातो), लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एफ12, एफ2 किंवा एस्केप यांपैकी आपल्या कंपनीची कळ दाबायची आणि पेनड्राइव्ह निवडायचा, एवढेच काम आहे. पूर्ण मिंट समोर उघडते. पेनड्राइव्हच्या मर्यादेमुळे ते किंचित संथ असते, इतकेच. या अवस्थेत घाई करू नये. वाय-फाय जोडले जाते का, स्पीकर आणि कॅमेरा चालतात का, उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा काम करतात का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, आणि मुख्य म्हणजे आपला प्रिंटर एक पान छापून देतो का, हे सारे तिथेच तपासावे. जे या चाचणीत चालते, ते पुढेही बहुधा चालतेच.

फाइल कुठून घ्यायची, याबाबत मात्र काटेकोर राहावे. 20 फेब्रुवारी 2016 रोजी मिंटचे संकेतस्थळ हॅक झाले होते आणि 17.3 सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा काही काळ छुपे प्रवेशद्वार बसवलेल्या बनावट फाइलकडे नेत होता. प्रकल्पाने ही गोष्ट लपवली नाही आणि लोकांना तत्काळ सावध केले, ही त्याच्या जमेची बाजू आहे. तरीही, अधिकृत पानावर दिलेला एसएचए-256 हा लांबलचक आकडा आपल्या फाइलच्या आकड्याशी ताडून पाहण्याची पायरी नवख्यांनी कंटाळा करून वगळू नये. काम दोन मिनिटांचे आहे आणि ते कसे करायचे याची माहिती अधिकृत मार्गदर्शिकेत दिलेली आहे.

प्रत्यक्ष बसवणी सोपी आहे, पण तिच्यातला एक पडदा असा आहे जिथे प्रत्येकाने थांबून दोनदा वाचावे. मिंट विंडोजच्या शेजारी बसवायचे की संपूर्ण डिस्क पुसून टाकायची, हा प्रश्न तिथे विचारला जातो. दुसरा पर्याय निवडून पुढे गेल्यावर फोटो, हिशेब, दाखल्यांच्या स्कॅन प्रती असे सर्व काही जाते. म्हणून त्यांची प्रत आधीच बाहेरच्या डिस्कवर काढलेली असावी. विंडोज शेजारी ठेवणाऱ्यांनी त्यातले फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करावे, अन्यथा विंडोजचे विभाजन (डिस्कवरचा विंडोजचा भाग) अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि मिंटमधून त्यावर लिहिता येत नाही. बिटलॉकर हे विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रात विंडोजचे घड्याळ कधीकधी साडेपाच तास मागे पडते. त्याने घाबरून जाऊ नये. मिंट यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक वेळ ठेवते, त्यामुळे भारतीय वेळेचा तेवढा फरक दिसतो, आणि तो एका आज्ञेने दुरुस्त होतो.

मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने खरी कसोटी टंकलेखनाची आहे आणि तिथे मिंट अपेक्षेपेक्षा बरेच चांगले ठरते. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक येत असेल तर वेगळे काहीच बसवावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीतून कळफलकाचा आराखडा जोडला की घड्याळाशेजारी भाषेचे चिन्ह येते आणि ठरवलेल्या कळांनी इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. ‘दुसऱ्या’ हा शब्द मी नेहमी चाचणीसाठी वापरतो, कारण त्यातला ‘ऱ्य’ अनेक ठिकाणी मोडतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’, मग डी दाबून हलन्त आणि शेवटी तिरप्या रेघेच्या कळीवर ‘य’ अशी ही अक्षरे येतात, आणि लिबरऑफिस असो, ब्राउझर असो वा फाइलचे नाव असो, मिंटमध्ये ते जोडाक्षर सगळीकडे योग्य आकारात उमटते. ‘ळ’ साठी शिफ्टसह एन आहेच. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय आहे, त्यांना आयबस (टंकलेखनाची पद्धत बदलणारे सॉफ्टवेअर) आणि त्यासोबतचे अनेक भाषांचे आराखडे असलेले एम17एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावे लागते. त्यात मराठीसाठी फोनेटिक आणि रेमिंग्टन तर आहेतच, पण आंतरजालावरच्या जुन्या मराठी लेखकांच्या बोटांत बसलेला गमभनचा आराखडाही आहे. हे पाहून मला मनापासून आनंद झाला. कोणीतरी स्वयंसेवकाने आपल्या भाषेसाठी हे काम करून ठेवले आणि ते जगभरच्या लिनक्स वापरणाऱ्यांना आयते मिळाले. मोबाइलप्रमाणे पुढचा शब्द सुचवणारी मराठीची सोय मात्र येथे अपेक्षू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत अडचणी आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. मिंटसोबत येणारे लिबरऑफिस वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडते व जतन करते. परंतु मंगल, कोकिळा, अपराजिता, निर्मला हे विंडोजसोबत येणारे फाँट मिंटमध्ये नसतात. त्यामुळे मंगलमध्ये टंकलेला चार पानांचा अहवाल नोटो किंवा लोहित या मुक्त फाँटमध्ये उघडतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि शेवटच्या दोन ओळी पाचव्या पानावर जातात. मजकूर शाबूत असतो, मांडणी बिघडते. ज्यांना फाइल फक्त पाठवायची आहे त्यांनी ती पीडीएफ करून पाठवावी. ज्यांना सहकाऱ्यांबरोबर संपादन करायचे आहे त्यांनी दोन्हीकडे एकच मुक्त फाँट बसवावा. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ मी त्यासाठी वापरतो. आणखी एक बारकावा असा, की लिबरऑफिस देवनागरीला इंग्रजीपासून वेगळ्या खात्यात धरते. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी मराठी निवडून, मूळ शैलीत त्याचा फाँट आणि आकार स्वतंत्रपणे ठरवून ठेवला नाही, तर इंग्रजी बारा आकारात आणि मराठी भलत्याच आकारात अशी ओढाताण होत राहते. हे एकदा करून ठेवले की प्रश्न मिटतो. युनिकोडपूर्व काळातल्या श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी फाँटमधल्या फाइली मात्र तो फाँट यंत्रावर असल्याशिवाय वाचता येत नाहीत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हाच टिकाऊ उपाय आहे, मग संचालन प्रणाली कोणतीही असो.

अपडेटच्या बाबतीत मिंटची रीत मला अतिशय पसंत आहे. खालच्या पट्टीतले ढालीचे चिन्ह अपडेट आल्याचे कळवते, कधी बसवायची ते आपण ठरवतो, आणि ऐन कामाच्या वेळी यंत्र आपणहून बंद होऊन बसत नाही. टाइमशिफ्ट हे सॉफ्टवेअर मिंटसोबतच येते. ते प्रणालीची छायाप्रत काढून ठेवते आणि एखाद्या अपडेटने बिघाड झालाच, तर आधीच्या स्थितीत परत नेते. नवख्याचे भय कमी करणारी याहून चांगली सोय मला दिसलेली नाही. फक्त लक्षात ठेवावे, की मूळ मांडणीत टाइमशिफ्ट आपल्या घरच्या फोल्डरमधल्या फाइली राखत नाही. त्यांची प्रत वेगळी काढावी लागते.

आता ज्यांनी थांबावे त्यांच्याविषयी. टॅलीप्राइम, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांची लिनक्ससाठीची आवृत्ती नाही. वाइन नावाच्या मध्यस्थ सॉफ्टवेअरने विंडोजची काही सॉफ्टवेअर चालतात, पण ज्या हिशेबावर किंवा छपाईवर पोट अवलंबून आहे तो वाइनच्या भरवशावर टाकू नये. लग्नपत्रिका आणि फलक करणाऱ्यांनी इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस ही चित्रांची व पानांच्या मांडणीची मुक्त सॉफ्टवेअर शिकावीत असे मला मनापासून वाटते, परंतु शेजारच्या प्रेसला कोरलचीच फाइल हवी असेल तर ते शिकून तातडीचा उपयोग होत नाही. ई-निविदा किंवा विवरणपत्रांसाठी यूएसबी टोकनवरची डिजिटल सही वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आणि संबंधित पोर्टलची सही करण्याची सुविधा, या दोन्ही गोष्टी चालतात याची खात्री होईपर्यंत विंडोज काढू नये. याउलट ज्यांचे काम ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, बँकेचे संकेतस्थळ, झूमवरच्या सभा, सातबारा उतरवून घेणे आणि पत्रव्यवहार एवढ्यात संपते, त्यांना मिंटवर काही अडत नाही.

प्रिंटरबद्दल सरसकट बोलता येत नाही. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना एचपीएलआयपी या मुक्तस्रोत ड्रायव्हरचा आधार आहे आणि वाय-फायचे नवे प्रिंटर पुष्कळदा ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. जुन्या स्वस्त लेसर प्रिंटरचे तसे नाही. माझ्याकडच्या तशाच एका प्रिंटरने पहिले पान छापून दुसऱ्यापाशी थांबण्याचा हट्ट सोडला नाही. म्हणूनच पेनड्राइव्हवरच्या चाचणीत एकाऐवजी दोन-तीन पाने छापून पाहावीत.

शिकण्यासाठी मराठीत साधने आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आणि गिंप यांवरचे छोटे पाठ मराठी निवेदनासह मोफत मिळतात. काही पाठांतल्या आवृत्त्या जुन्या आहेत, पण पायाभूत गोष्टी समजून घेण्यास त्यांनी बाधा येत नाही. इंग्रजीचा संकोच असलेल्या घरच्या ज्येष्ठांना मी हे पाठ आधी दाखवतो आणि मग लॅपटॉप हाती देतो.

मिंटचा पडदा संपूर्ण मराठीत घेण्याची सोयही आहे, परंतु ती अजून कच्ची आहे. भाषा मराठी केल्यावर मेनूतली बरीच नावे मराठीत येतात, त्याच खिडकीतली काही इंग्रजीतच राहतात, आणि सूचनांचे लांब परिच्छेद तर बहुतेक इंग्रजीत असतात. त्यामुळे तूर्त इंग्रजी पडदा आणि मराठी टंकलेखन अशी जोडी मी नवख्यांना सुचवतो. मिंटच्या स्वतःच्या साधनांची भाषांतरे लाँचपॅड या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात आणि तिथे खाते उघडून कोणालाही एकेका वाक्याचे मराठी सुचवता येते. अपडेट मॅनेजर आणि बसवणीच्या पडद्यांपासून सुरुवात झाली पाहिजे, कारण डिस्क पुसायची की नाही, हा प्रश्न तरी माणसाला त्याच्या भाषेत वाचायला मिळाला पाहिजे.