टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ तपासणी, गंगापूर रोडकडचं संकलन केंद्र: पाचपैकी चार तारे

माझं नाशिकरोडला मेडिकल आहे, त्यामुळे ताईने भाच्याची सगळी फाइल माझ्याकडेच सोपवलेली. पोराला एएलएल, म्हणजे मुलांत होणारा एक रक्ताचा कर्करोग. जड केमोचे टप्पे मुंबईत पार पडले, आता मेन्टेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून लांब चालणारा हलका टप्पा: रोज रात्री सिक्स-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरीन, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. गोळी चालू करण्याआधी डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही सिक्स-एमपीचा जोर अंगात कमी करणारी दोन एन्झाइम्स, त्यांची जनुकंही याच नावांची; त्यांत दोष असेल तर नेहमीचा डोस अंगाला जड जातो. एवढ्यासाठी पोराला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसवायची वेळ आली नाही. रक्त इथेच दिलं, नमुना पुढे मुंबईला गेला.

काउंटरवरच्या मुलीचं कौतुक करायलाच हवं. पहिला प्रश्न तिचाच, "दादा, एवढ्यात रक्त चढवलं होतं का?" टीपीएमटीचं नुसतं एन्झाइम मोजायचं असेल तर ते लाल पेशींत मोजतात, आणि रक्त चढवलेलं असेल तर रक्तदात्याच्या पेशी आकडा बिघडवतात. जनुक पांढऱ्या पेशींच्या डीएनएतून वाचतात, तिथे हा घोळ सहसा होत नाही. तरी तिने विचारलं आणि फॉर्मवर लिहिलंही. जांभळ्या झाकणाची ट्यूब, उपाशीपोटी यायची गरज नाही.

दरपत्रकात नुसतं टीपीएमटी स्वस्तात दिसतं. ते घेऊ नका. टीपीएमटीतला दोष युरोपीय लोकांत जास्त सापडतो. आपल्याकडे, आणि पार जपान-कोरियापर्यंत, खरा घात एनयूडीटी१५ करतं. हे औषध १९५३ पासून वापरात आहे, ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, पण एनयूडीटी१५चा संबंध कळायला २०१४ उजाडलं. तोही कोरियातल्या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांमुळे, कारण त्यांनाही याच जातीचं औषध देतात.

फोनवरचा माणूस मात्र आम्हाला 'ल्युकेमिया पॅनेल' घ्यायला सांगत होता. ती तपासणी निराळी. ती आजारी पेशींची, निदानाच्या वेळी, बहुतेकदा बोनमॅरोतून होते. त्यांच्यात बीसीआर-एबीएल नावाचा जनुकबदल निघाला तर इमॅटिनिबसारखी गोळी जोडतात, ईटीव्ही६-रनएक्स१ हा बदल निघाला तर आजार सहसा उपचाराला चांगला दाद देतो. आमची तपासणी पोराच्या जन्मजात जनुकांची होती: हे औषध त्याच्या अंगाला किती सोसेल?

रिपोर्ट आला. टीपीएमटी नॉर्मल, एनयूडीटी१५च्या दोन प्रतींपैकी (एक आईकडची, एक वडिलांकडची) एक बदललेली. आणि खाली ठळक अक्षरांत, 'डोस नेहमीच्या ३० ते ८० टक्के ठेवावा'. एक तारा इथे गेला. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हा सल्ला कुणासाठी आहे, तर ज्यांचा सुरुवातीचा डोसच शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो त्यांच्यासाठी. भाच्याला ५०च्या हिशोबाने लिहिलेलं. ही अट रिपोर्टमध्ये कुठेच नाही. ताई तर गोळ्या अर्ध्या करायला सुरी घेऊनच बसली होती. मी म्हटलं, थांब, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. डॉक्टरांनी डोस होता तोच ठेवला, दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सांगितली, काउंट पडले तर कमी करू म्हणाले. आणि डोस बदललाच तरी त्याचा परिणाम स्थिरावायला दोन ते चार आठवडे जातात, तेव्हा एका रिपोर्टवरून घाई नको, हेही.

केंद्रात तक्रार केली. उत्तर आलं, "फॉरमॅट मुंबईहून येतो, सर." बरं, मग मुंबईला कळवा की!

दोन्ही प्रती बदललेल्या मुलांचं वेगळं असतं, हे लक्षात ठेवा. त्यांना नेहमीचा डोस दिला तर पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या खाली जातात, त्यांची गोळी सुरुवातच फार थोड्यावर होते. म्हणून चुका असूनही तपासणी कराच, आणि मेन्टेनन्स सुरू व्हायच्या आधी करा. रंगीत प्रिंटचे वेगळे पैसे मागतात, ते देऊ नका. व्हॉट्सॲपवरची पीडीएफ डॉक्टरांना चालते. पार्किंग नाही, रिक्षाने जा.