‘फुल इंजिन काम’ झालेली टू-स्ट्रोक पुन्हा उघडली तेव्हा

जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल उभी करताना सर्वांत जास्त पैसा इंजिनावर जातो आणि सर्वांत मोठी फसवणूकही तिथेच होते. इंजिन एकदा बांधलं की आत काय बसवलंय ते दिसत नाही. किक मारली की गाडी चालू होते, आवाज बरा लागतो आणि पैसे दिले जातात.

अशाच एका सिंगल सिलिंडर, एअर-कूल्ड गाडीचं हे उदाहरण. बिलात ब्लॉकचं (म्हणजे सिलिंडरचं) बोअरिंग, म्हणजे झिजलेली आतली भिंत कापून मोठ्या मापाला गोल करणं, नवा पिस्टन आणि रिंगा, क्रँकला (पिस्टनच्या रॉडने फिरणाऱ्या दांड्याला) नवा रॉड किट, दोन्ही मेन बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील एवढं लिहिलेलं. रनिंग-इन (नवे भाग रुळेपर्यंत गाडी जपून चालवायचा काळ) पूर्ण होण्याआधीच गाडी चढावर जाम झाली. उघडून पाहिलं तर नवीन होते फक्त पिस्टन आणि रिंगा.

बोअरिंगचं खोटं जुन्या पिस्टनने उघडं पाडलं. मालकाने तो परत मागून घेतला होता. जुन्याच्या माथ्यावर ०.५० कोरलेलं, नव्याच्याही माथ्यावर ०.५०! ओव्हरसाइझ (मूळ मापाहून मोठे) पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी असे चढत्या मापात येतात. ०.५० चा झिजलेला ब्लॉक खरंच बोअर केला असता, तर पुढचा पिस्टन किमान ०.७५ चा लागला असता. इथे ब्लॉक आतून पॉलिश पेपरने घासून दिला होता. होनिंग केलेल्या (बोअरिंगनंतर दगडाने बारीक घासलेल्या) भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा दिसतात. पेपरच्या रेघा वेड्यावाकड्या किंवा सरळ वर-खाली जातात. अशा लहान इंजिनात पिस्टन आणि ब्लॉकमधला गाळा, म्हणजे मोकळी फट, बहुधा ०.०३ ते ०.०५ मिमीच्या आसपास असतो (नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा). इथे वरच्या भागात तो ०.१ च्या पुढे होता. थंड इंजिनाचा खडखडाट त्यामुळेच.

पण गाडी जाम झाली ती सीलमुळे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून ढकललं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची सील हवाबंदच हवीत. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन चिरलं की तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही त्या प्रमाणात कमी पडतं आणि पिस्टन तापून चिकटतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं. धूर थांबत नाही, गिअर ऑइलची पातळी मात्र उतरत जाते. अशा वेळी ‘टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) जास्त पडतंय’ म्हणून ऑइल पंप कमी करून देतात. हा तर इंजिन मारायचाच उपाय आहे.

मेन बेअरिंग बदलायला क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावेच लागतात. या इंजिनाच्या सांध्यावर जुनी मळ तशीच होती आणि स्क्रूच्या डोक्यांवर पान्याची ताजी खूणही नव्हती. क्रँकचा रॉड जुनाच. क्रँकपिनच्या (रॉड ज्या पिनवर फिरतो तिच्या) टोकांना वेल्डिंगचे टाके मारून ढिलाई झाकली होती. रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकतो, ते ठीक आहे. पण सरळ वर-खाली ओढून जराही खटका लागला, तर बिग एंड (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग) गेलेलं आहे. नव्या किटमध्ये रॉड, पिन, रोलर केज आणि बाजूचे वॉशर असा पूर्ण संच येतो. तो दाबून बसवल्यावर क्रँक व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या टेकूवर) फिरवून तो सरळ आहे का, ते डायल गेजने तपासावं लागतं. हातोडीने ठोकून ‘सरळ केलेला’ क्रँक नवी बेअरिंगही खातो.

याहून चीड आणणारा प्रकार म्हणजे अदलाबदल. स्टँडर्ड मापाचा मूळ ब्लॉक, मूळ क्रँक किंवा कंपनीचा कार्ब्युरेटर काढून घेतात आणि शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेला दुसरा ब्लॉक बसवून देतात. पुढच्या वेळी त्यात लायनर (आतली नवी नळी) घालण्यावाचून गत्यंतर नसतं. गाडी देण्याआधी ब्लॉकवरच्या कास्टिंगच्या खुणा आणि कार्ब्युरेटरवरच्या अक्षरांचे फोटो काढा. ब्लॉकच्या बाहेरच्या एखाद्या फिनवर (गार होण्यासाठीच्या पट्टीवर) सेंटर पंचचा एक बारीक ठिपका मारून ठेवा. क्रँक उघडा पडला की त्याच्या वेबच्या (पिनेच्या दोन्ही बाजूंच्या जड चकतीच्या) बाहेरच्या कडेवरही तशीच खूण करा.

बजेट तुटपुंजं असेल तर ‘सगळं मिळून इतके’ असा ठराव करूच नका. तिथेच कात्री लागते. रंग आणि क्रोम मागे ठेवा. आधी सील, बेअरिंग, क्रँक आणि बोअर. पिस्टन स्वतः विकत घ्या आणि ब्लॉकसोबत बोअरिंगवाल्याकडे स्वतःच न्या. आधी पिस्टन मोजायचा, मग त्या मापाला ब्लॉक बोअर करायचा. उलट क्रमाने केलं की गाळा नशिबावर राहतो. बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू ये-जा करण्याच्या भोकांच्या) धारा हलक्या घासून मारायला सांगा. हे काम हमखास विसरलं जातं आणि मग रिंग धारेत अडकून तुटते. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडेच हवा. प्रत्येक काढलेला भाग, अगदी सीलसुद्धा, परत मागा.

इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी गळतीची आणखी एक चाचणी मागा. प्लग लावलेला, पिस्टन खाली, इनटेक आणि एक्झॉस्ट रबर आणि पट्टीने बंद, ऑइल पंपाची नळीही बंद. मग गेज असलेल्या हातपंपाने साधारण ६ पीएसआय हवा भरायची, त्याहून जास्त नाही. पाच-सहा मिनिटं काटा जवळपास तिथेच राहिला पाहिजे. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त घसरला तर गळती आहे. सांध्यांवर आणि मॅग्नेटच्या सीलवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. बाहेर कुठेच बुडबुडा नाही, पण गिअर ऑइल भरायच्या तोंडातून हवा येतेय, तर क्लचकडचं सील जुनंच आहे किंवा वाकडं बसलंय. ते पैसे देण्याआधीच बदलून घ्या.