जीडीए कोर्सनंतरचे आठ महिने: सगळं शिकवलं, माणसाचं वजन सोडून

गेल्या मंगळवारी माझी कंबर धरली. ज्यांच्या घरी मी ड्युटी करते त्या आजोबांना पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना अशी कळ आली की त्यांना तसंच काठावर टेकवून काकूंना हाक मारावी लागली. 3 दिवस ड्युटी बुडाली. आम्हाला पेशंटच्या घरी कामाला पाठवणाऱ्या ब्युरोत भरपगारी रजा नसते, त्यामुळे 3 दिवसांचे पैसेही गेले. पडल्या पडल्या डोक्यात जीडीएचा, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा, पेशंटची देखभाल शिकवणारा कोर्सच फिरत होता, म्हणून लिहितेय. प्रवेशाच्या अटी, तास, परीक्षा हे चौकशीला गेलात की कळतंच.

मी तासगावहून सांगलीला जायचे, एसटीला बायकांचं अर्धं तिकीट. कोर्स सरकारी योजनेतला, फी नाही. तरी शेवटी प्रशिक्षण केंद्राने सर्टिफिकेटच्या प्रिंटचे म्हणून 500 रुपये मागितले. मी पावती मागितली. पावती आली नाही आणि पैसेही पुन्हा कुणी मागितले नाहीत. ज्या मुलींनी मुकाट्याने दिले त्यांचे गेले. पावती मागाच.

पहिले दोन आठवडे मला फुकट गेल्यासारखे वाटले होते. हात धुवा, चादर घाला, पुन्हा हात धुवा. साबणाने 40 ते 60 सेकंद, नखं आणि अंगठेसुद्धा, आणि मॅडम घड्याळ बघत उभ्या. चादर घालायला शिकायला रोज एसटीने कशाला जायचं, असं मी घरी आईला बोललेही होते.

ते मत मी मागे घेते. पहिलीच ड्युटी खुब्याचं हाड मोडलेल्या आजींची. माकडहाडावर लाल डाग होता, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नव्हता. बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ही सुरुवात, हे मला वर्गात शिकवलं होतं म्हणूनच ओळखता आलं. चादरीची एक चुणीसुद्धा तिथे टोचते. दर 2 तासांनी कूस बदलायची, वेळ वहीत लिहायची, ओलं राहू द्यायचं नाही. सुनबाई म्हणाल्या, रात्री झोपमोड कशाला करताय? त्यांना डाग दाखवला, मग त्याच रात्री माझ्याबरोबर उठायला लागल्या. डाग फुटला नाही, हळूहळू गेला. नळीतून दूध देताना डोक्याकडची बाजू उंच, आणि दिल्यावरही अर्धा तास तशीच. लघवीची पिशवी कायम कंबरेच्या खाली. हे सगळं कोर्सने दिलं आणि रोज उपयोगी पडतं.

दवाखान्यातला कचरा वेगळा करायच्या लाल-पिवळ्या पिशव्यांवर मात्र दोन दिवस गेले, आणि घरी कचऱ्याचा डबा एकच. इन्सुलिनच्या सुयांसाठी मी झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा वेगळा ठेवायला लावला.

आता कंबरेचं. आमच्या वर्गातला पुतळा मी एका हाताने उचलायचे. त्याला पलंगावरून खुर्चीत बसवलं की परीक्षेला पास. आजोबांना पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू गेलीय, वजन 70 च्या पुढे. ते घाबरले की आपल्याच गळ्याला मिठी मारतात. पुतळा घाबरत नाही, घसरत नाही, घामाने निसटत नाही. वर्गात उचलायला दोघी असायच्या, घरी 12 तास मी एकटी. पुस्तकात या विषयावर एक पान होतं, चित्रासकट. ते मला पाठ होतं आणि तरीही कंबर गेली.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी 15 मिनिटांत दाखवलं. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, तिरकी. ब्रेक लावलेला, पाय ठेवायच्या पट्ट्या वर. पेशंटचे तळवे जमिनीला पक्के टेकलेले. लुळ्या बाजूच्या गुडघ्याला आपला गुडघा अडवायचा. लुळा हात कधीच ओढायचा नाही, खांदा निखळतो. मग त्यांना पुढे झुकवायचं, आपण गुडघ्यात वाकायचं आणि दोघांनी मिळून मोठ्याने एक-दोन-तीन. पुढे झुकलं की माणूस अर्धा आपोआप उठतो. त्याला उचलायचं नसतं, वळवायचं असतं. मी आठ महिने उचलत होते.

वर्गात आम्ही 22 जणी होतो. एकीने अंग सैल सोडून पडायचं, दुसरीने तिला खुर्चीत घ्यायचं, याला एक रुपया खर्च नव्हता. कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. तुम्ही प्रवेश घेणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा: जिवंत माणसावर सराव किती वेळा? उत्तर मिळालं नाही तर मैत्रिणीला धरून पलंगाशी रोज स्वतः करा.

आणि हो, ब्युरोने पहिले तीन महिने माझं सर्टिफिकेट उघडूनही पाहिलं नाही, न शिकलेल्या मावशींइतकेच पैसे दिले. आजींच्या घरून मला पुन्हा मागणी आली तेव्हा दर वाढवला.

केंद्रातल्या मॅडमना परवा फोन केला, सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं. नवी बॅच सुरू झालीय. रविवारी मी जाणार आहे. मला काही उचलायचं नाही, फक्त अंग सैल सोडून पलंगावर पडायचंय. वजन 64 किलो आहे, मुलींना सरावाला पुरेल.