मुंबईतल्या किनारा-फेऱ्या: प्रवाळ दाखवतात की नुसता समुद्र?

ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, उतरवून समुद्रातले जीव दाखवणाऱ्या फेऱ्या मुंबईत आता बऱ्याच निघतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट २०१७ पासून हे काम करतोय. पुढे शाळा, सोसायट्या आणि सहली काढणारे यांनीही तोच कित्ता गिरवला. खालचं परीक्षण कुणा एका आयोजकाचं नाही, या सगळ्या प्रकाराचं आहे. कारण फेरी कुणाचीही असो, ती फसते ती त्याच दोन-तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे वेळ. रविवारी सकाळी साडेनऊची फेरी लोकांना सोयीची, पण समुद्राला रविवार कळत नाही. प्रवाळ असतो तो खडपाच्या अगदी खालच्या पट्ट्यात, आणि तो पट्टा भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढत-उतरतं त्या, दिवसांत उघडाच पडत नाही. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची पातळी ०.७ मीटरच्या खाली असेल, तरच जाण्यात अर्थ. तक्ता हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशोब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, आणि तिच्या सव्वासहा तास पुढेमागे ओहोटी. द्वितीयेला भरती दीडच्या आसपास, म्हणजे ओहोटी पावणेआठला. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस त्यासाठी उत्तम, तेव्हा पाणी सर्वांत मागे जातं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतोच, म्हणून शेवटचा शब्द तक्त्याचा.

चांगली फेरी ओहोटीच्या सव्वा तास आधी सुरू होते, पाण्याच्या मागोमाग खाली उतरते आणि पाणी फिरलं की वळते. इथे बारा भागांचा नियम पक्का लक्षात ठेवावा: पाणी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं चढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन. चार मीटरच्या उधाणात तिसऱ्या तासाला एक मीटर! पहिला तास शांत गेला म्हणून रेंगाळणारे अडकतात ते इथेच, कारण मागची सखल घळ आधी भरते आणि पुढचा खडक मात्र कोरडाच दिसत राहतो.

दुसरं ठिकाण म्हणजे ओळख. कितीतरी वाटाडे खडकावर हातभर पसरलेली तपकिरी-हिरवी मऊ चादर दाखवून ‘हा बघा मुंबईचा कोरल’ म्हणतात. बहुतेक वेळा ते झोअँथिड असतात. प्रवाळाचे नातेवाईक खरे, पण अंगात चुनखडीचा सांगाडा नाही. बटणासारखे गोल, कडेला बोटांसारख्या आखूड शुंडकांच्या दोन रांगा आणि काहींच्या अंगात वाळूचे कण रुतलेले. बोट लावून मऊपणा तपासायचा मोह आवरावा. त्यातल्या पॅलिथोआ गटात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष सापडतं, आणि हाताला खरचटलेलं असेल तर धोका आणखी वाढतो.

खरा प्रवाळ डोळ्यांनीच ओळखता येतो. पाण्याबाहेर उघडा पडला की तो अंग चोरून बसतो. मग दिसतात मसुराएवढ्या, फार तर चणाडाळीएवढ्या वाट्या एकमेकींना चिकटून, आणि प्रत्येक वाटीत कडेकडून मध्याकडे जाणारे कडक पापुद्रे, चांदणीच्या आकाराचे. डबक्यातला प्रवाळ बघायचा तर पोळीचा पारदर्शक डबा घ्यावा आणि रिकामा डबा पाण्यावर हलकेच दाबून धरून त्याच्या तळातून बघावं. वरून छत्रीची सावली धरली की चकाकी जाते आणि पॉलिपची, म्हणजे वाटीतल्या जीवाची, शुंडकं उघडलेली असतील तर तीही दिसतात. डबक्यात पाय मात्र घालायचा नाही. ढवळलेला गाळ प्रवाळावर बसतो आणि तो झटकायला त्याला चिकट स्राव सोडावा लागतो, म्हणजे आधीच तुटपुंजी असलेली ताकद त्यात जाते.

या गाळामुळेच मुंबईत प्रवाळ आहेत, पण प्रवाळभित्ती नाही. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला ऊन लागतं. खाड्यांचा गाळ आणि शहराचं सांडपाणी यांनी इथलं पाणी गढूळ, त्यामुळे तग धरतात त्या गाळ सोसणाऱ्या मोजक्या जाती, खडकाला चिकटून, लहान वसाहतींनी. लहान म्हणून नगण्य नव्हेत. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत त्या येतात.

फेरीआधीच्या ‘प्रेझेंटेशन’बद्दल मात्र तक्रार आहे. अर्धा तास निळं पाणी, रंगीत मासे आणि लक्षद्वीप. त्यानंतर हाजी अलीचं गढूळ डबकं बघून मुलं विचारतात, ‘एवढंच?’ लक्षद्वीप दाखवायचाच तर पूर्ण दाखवा. तिथल्या ३६ बेटांपैकी वस्ती १० बेटांवर, आणि ती जमीन प्रवाळाचीच. टुना गळाने धरायला लागणारी जिवंत चिमुकली मासळीही प्रवाळाजवळच मिळते, म्हणून १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले तेव्हा प्रश्न नुसत्या सौंदर्याचा नव्हता. बेटावरच्या माणसाला प्रवाळाची गोष्ट अशी पोटापासून सांगावी लागते. मुंबईही सात बेटांची, आणि कालवं फोडणाऱ्या कोळणीला खडपाचा कोपरान् कोपरा माहीत असतो. तरी बहुतेक फेऱ्या इंग्रजीतून, नावं लॅटिन. कालवं, चिंबोरी, निवटी, पाकट हे शब्द वाटाड्याच्या तोंडी नसतील तर कोळीवाड्यातली पोरं दुसऱ्या फेरीला येणार नाहीत, आणि ती न येणं हा या सेवेचा सगळ्यात मोठा तोटा.

जागांचं थोडक्यात: प्रवाळासाठी हाजी अली, मरिन ड्राइव्हच्या बाजूचा खडक बरा. कार्टर रोडला कातळ आणि तिवरं शेजारी शेजारी, म्हणून शाळेच्या गटाला तेच सोयीचं. जुहू, गिरगावला वाळूतले जीव भरपूर, पण प्रवाळाच्या आशेने जाऊ नये. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, घासत न्यावेत. वाळूत दडलेला पाकट मासा त्याने आधीच सरकतो. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगावला अनेकांना पाकटाचे काटे लागले होते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंशांच्या, पाय बुडवून धरावा आणि दवाखाना गाठावा.

पायांत बंद बूट हवेत, खाचदार तळव्याचे. सँडल आणि फ्लोटर्समधून कालवाची धार सरळ बोटांत जाते. पाय कोऱ्या काळ्या खडकावर टाकावा, हिरव्यावर नाही.

नोंदणीआधी फोनवर एवढं विचारून घ्यावं. त्या दिवशी ओहोटी किती मीटरची? एका वाटाड्यामागे माणसं किती? (पंधराच्या वर असतील तर मागच्यांना फक्त पाठी दिसतात.) दगड उलटवून दाखवता का? ‘हो’ म्हणाले तर पुढचा प्रश्न, तो परत तसाच, त्याच बाजूने ठेवता का? दगडाखालचे जीव सावलीचे असतात, उलटा राहिलेला दगड त्यांना दुपारपर्यंत भाजून काढतो. आणि शिंपले-पोवळं आठवण म्हणून घरी नेऊ देता का? याला ‘हो’ आलं तर फोन ठेवून द्यावा. तुटका, मेलेला प्रवाळही उचलणं गुन्हा आहे. पूजेच्या सामानात ‘इंद्रजाल’ म्हणून फ्रेम करून विकतात तो काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो, आणि तोही त्याच अनुसूचीत आहे.