जुनी डिझेल पिकअप: दुरुस्ती आणि सुधारणांनंतरचा पावसाळाभराचा अनुभव

केए २२ (बेळगाव) पासिंगची गाडी. अडीच लिटरचं चार सिलिंडर टर्बो डिझेल इंजिन, नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप मेकॅनिकल, इंजिनाला कॉम्प्युटर नाही. धुराचे बीएस फोर नियम यायच्या आधीची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या काळातल्या सगळ्याच पिकअपची दुखणी थोड्याफार फरकाने सारखी आहेत आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. आमच्याकडे ती रताळी, बटाटा, कोबी आणि मिरची ओढते. एरवी बेळगावचं मार्केट यार्ड, हंगामात जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळी आणि म्हापसा. उन्हाळ्याच्या शेवटी कामं काढली, अख्खा पावसाळा गाडी भरून पळवली, आता ऊसतोड सुरू झाली आहे. म्हणजे मत द्यायला पुरेसा वापर झाला.

सगळ्यात आधी सकाळच्या स्टार्टिंगबद्दल, कारण याच एका तक्रारीवर आपल्या भागात सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

लक्षण असं होतं: रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. एकदा सुरू झाली की दिवसभर हात लावताच स्टार्ट. ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं, "मालक, पंप खोलूया." पंप खोलायचा म्हणजे पंप रूम (डिझेल पंप-नोझल दुरुस्तीचं वर्कशॉप), सील किट, कॅलिब्रेशन, आणि गाडी निदान आठवडाभर उभी. पण पंप खराब असता तर दुपारीही त्रास झाला असता. रात्रभर उभं राहिल्यावरच अडते, याचा अर्थ रात्रीत लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतंय, आणि ते उतरायचं तर कुठून तरी हवा आत शिरलीच पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. त्यामुळे तिला भेग असली तरी चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली वाकून ओल शोधणारा माणूस म्हणतो, "लीकेज कुठंच नाही," आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून डोळ्यांनी शोधायचं असेल तर पारदर्शक पाइप लावावा. डिझेल फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक डिझेल होज टाकली, क्लिप आवळल्या, लाइनमधली एअर काढली आणि गाडी सुरू केली. पिवळसर डिझेलमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे निघालेले स्पष्ट दिसले. गाडी बंद करून चहा घेऊन आलो तर होजचा वरचा भाग रिकामा झाला होता.

मग डबा टेस्ट. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात गाळलेलं डिझेल, डबा बॉनेटवर पंपापेक्षा उंच बांधलेला, त्यातून थेट फिल्टरला लाइन. रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत आणणारी नळीही डब्यातच. ती रात्र गाडी डब्यावर ठेवली. सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन धरलं. म्हणजे फिल्टरच्या पुढचं सगळं ठीक, दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये. डब्याने एका रात्रीत शोध अर्ध्यावर आणून ठेवला. शेवटी सापडलं ते टाकीच्या डोक्यावर, जिथे लोखंडी नळी संपून रबरी होज सुरू होते तिथे. होज वरून धड दिसायची, वाकवली की खालच्या बाजूला बारीक भेगांचं जाळं. ती होज, तिच्या जोडीची रिटर्न होज, आणि फिल्टरवरच्या हॉलो बोल्टचे (ज्यातून डिझेल जातं ते पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बदलले. सगळं मिळून खर्च हजाराच्या आत. पंपाला आजतागायत कुणी हात लावलेला नाही.

तांब्याच्या वॉशरबद्दल एक: एकदा दाबलेला वॉशर तसाच परत बसवला तर तो धरत नाही. नवा मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा, मऊ होतो आणि पुन्हा बसतो. खानापूरच्या पुढे रात्री अडकलात तर हे माहीत असलेलं बरं.

हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे प्लग, तपासणं त्याहून सोपं. प्लगवरची पट्टी काढायची, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या डोक्याला. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर मेलेला. माझ्या गाडीत एक मेलेला होता, तो बदलला. पण डिसेंबर-जानेवारीची बेळगावची थंडी सोडली तर एका प्लगने एवढा त्रास होत नाही, त्यामुळे "हीटर गेला" या निदानावर समाधान मानू नये.

आता ओढ आणि धूर. भरलेल्या गाडीने चोर्ल्याचा चढ घेताना मागून काळा धूर आणि दुसऱ्या गिअरच्या वर जायची तयारी नाही, अशी अवस्था होती. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या होजच्या खालच्या क्लिपजवळ तेलाचा काळपट थर दिसला. तिथून दाब निसटत होता. होज बदलली, क्लिप साध्या काढून रुंद पट्टीच्या घातल्या, एअर फिल्टर नवा टाकला. धूर जवळजवळ गेला आणि तोच चढ आता तिसऱ्यात निघतो.

याच टप्प्यावर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घ्यायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी तो घेतला नाही आणि कुणी घेऊ नये असं मनापासून सांगतो. डिझेल वाढवलं की रिकाम्या गाडीला दोन दिवस मजा वाटते. पण भरलेली गाडी लांब चढावर असताना एग्झॉस्टचं तापमान चढत जातं, आणि ते सोसायचं पिस्टनला, हेडला आणि टर्बोला. शिवाय धुरावर पीयूसी अडतं, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी आहे. त्याऐवजी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) पंप रूमला नेऊन कंपनीच्या आकड्यावर प्रेशर लावून घेतलं आणि थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, सेट केले. इंजिनाचा आवाज बसला, डिझेलही थोडं कमी लागतं.

गरम होण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी खोड आहे: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकायचा. माझ्या गाडीतही तो नव्हता, आधीच्या कुणीतरी काढलेला. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच बायपासचं भोक, म्हणजे पाण्याची रेडिएटर टाळणारी वाट, बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात फिरत राहतं, म्हणजे नेमकी चढावर गाडी जास्त तापते. आणि उतारावर किंवा पावसात इंजिन कधी पुरेसं गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, ऑइल लवकर काळं पडतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी पातेल्यात पाण्यात लटकवून गॅसवर ठेवला, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ (अंश सेल्सियस) छापलेलं होतं, आणि पाणी तिथे पोचलं तशी झडप हळूहळू वर सरकायला लागली. असं बघून बसवलेला पार्ट निर्धास्तपणे विसरता येतो.

रेडिएटर आतून साफ केला, बाहेरून जाळीतला चिखल आणि उसाचा पाला मागच्या बाजूने पाण्याने ढकलून काढला, आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं घातलं. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका. स्टीलच्या भांड्यावर जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो.

हेडलाइटचं काम हे सगळ्यांत समाधान देणारं. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे धुकं आणि पाऊस एकत्र असतो. तिथे समोरचा कठडा दिसला नाही तर बाकी सगळं काम फुकट. बल्ब बदलून काही उपयोग होत नव्हता. मल्टिमीटर लावला: इंजिन चालू, बॅटरीवर १४ व्होल्ट, बल्बच्या पिनेवर साडेअकराही नाही. उरलेलं सगळं जुन्या वायरिंगमध्ये आणि स्टीअरिंगखालच्या स्विचमध्ये जात होतं. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड साधारण तीस टक्के उतरतो, त्यामुळे अंधार का होता हे लगेच कळलं. बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज, लो आणि हायला वेगवेगळे रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), आणि दिव्यांची अर्थिंगची वायर नव्याने चॅसीला. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो. बल्ब तेच, कंपनीचे ६०/५५ वॉटचे. पिनेवर आता तेराच्या वर व्होल्ट मिळतात. पांढरे एलईडी बल्ब मी मुद्दाम टाळले. हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा उजेड विखुरतो, धुक्यात पांढरी भिंत उभी राहते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

त्याच दिवशी इंजिन ते चॅसी अर्थिंगची पट्टीही बदलली. जुनी हिरवी पडली होती. सेल्फचा आवाजच बदलला.

ब्रेकचं एक प्रकरण जरा लक्ष देऊन वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे पिकअप घेतली की पहिलं काम जास्त माल भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवायचं. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या एक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. तो चॅसीला बसवलेला आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली. माल भरून चॅसी खाली बसली की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पाटा वाढवल्यावर पूर्ण माल भरूनही चॅसी तेवढी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब तोडतो, आणि घाटात सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. पुढचे पॅड भराभर संपतात, डिस्क निळी पडते, आणि लोक पॅडच्या कंपनीला शिव्या देतात. माझ्या गाडीला आधीच वाढवलेला पाटा होता. तो काढून पाटे मूळ संख्येवर आणले, थकून सपाट झालेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेतली, आणि दांडी मापाने लावून घेतली. आता गाडी आरसीवर लिहिलंय तेवढाच माल नेते. फेरीमागे पोती कमी बसतात, हे खरं. पण साखळीकडे उतरताना पॅडल एकसारखं लागतं आणि मागची चाकं आपलं काम करतात.

ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पॅडल हलकं करणाऱ्या डब्याला, ओढ देणारा व्हॅक्यूम पंप यातल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे असतो. बूस्टर तपासायला इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत दाबायचं, पाय तसाच ठेवून स्टार्ट करायचं. पॅडल थोडं खाली गेलं तर ठीक. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे अजून भेटतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद, आणि राखीव व्हॅक्यूम मोजक्या दाबांत संपतो. त्यांना घरातल्या माणसांनी तरी अडवावं.

डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल टाकायचं का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं डिझेल मिळतं, बीएस थ्रीच्या वेळी मर्यादा ३५० होती, म्हणून गंधकाबरोबर डिझेलचं वंगणही गेलं आणि पंप कोरडा चालेल अशी भीती घातली जाते. पण डिझेलच्या भारतीय मानकात वंगणक्षमतेचीही अट आहे. मी काहीही टाकत नाही. त्याऐवजी फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट पावसाळ्यात वरचेवर सैल करतो. दर वेळी थोडं पाणी निघतंच.

पार्ट आणि कामाबद्दल: लेथचं आणि वेल्डिंगचं काम बेळगावच्या उद्यमबागेत (कारखान्यांची वसाहत) चांगलं होतं, माप घेऊन गेलात तर बुशसुद्धा बनवून मिळतात. जुन्या मॉडेलचे किरकोळ पार्ट निपाणीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात शोधावे लागतात. रबरी होज घेताना डिझेलसाठीचीच मागा. पाण्याची होज डिझेलने फुगते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दुखण्यावर येता.

मोठे टायर, छतावरचा एलईडी बार, जास्त वॉटचे बल्ब यांपैकी काहीही केलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई आहे आणि पासिंगला त्यावरून खेटे घालावे लागतात. एवढ्या पैशात मागचे शॉक अॅब्सॉर्बर आणि क्रॉस जॉइंट नवे झाले.

अजून राहिलेलं: पाचव्या गिअरला रिकाम्या गाडीत बारीक गुणगुण येते, बेअरिंगची असावी. आणि डाव्या बाजूच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारा दुवा) बुश पावसात खाल्ले गेलेत, ग्रीस मारलं की दोन दिवस गप्प बसतात. उसाच्या गाड्यांची गर्दी उद्यमबागेत वाढायच्या आत ही दोन कामं उरकणार आहे.