बॉटम हीटरवालं रीवर्क स्टेशन: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या असेंब्ली लाइनवर खालून तापवणारा बॉटम हीटर आणि वरून हॉट एअर अशी सोय असलेलं रीवर्क स्टेशन (सर्किट बोर्डावरचे सदोष पार्ट काढून पुन्हा बसवण्याचं यंत्र) आलं, त्याला आता बरेच महिने झाले. त्याआधी साधी हॉट एअर गन आणि सोल्डरिंग आयर्न यांवरच भागत होतं.

फरक पहिल्यांदा जाणवला तो जाड, मल्टीलेअर (आत तांब्याचे अनेक थर असलेल्या) बोर्डांवर. लीड-फ्री (शिसं नसलेलं) सोल्डर, म्हणजे आपलं नेहमीचं एसएसी305, वितळायला 217 ते 220 अंश सेल्सिअस लागतात; जुनं कथील-शिशाचं 63/37 सोल्डर 183 अंशांनाच वितळायचं. त्यात आतले ग्राउंड प्लेन, म्हणजे तांब्याचे मोठे सलग थर, उष्णता ओढून घेतात. नुसत्या गनने काम करताना ऑपरेटर तापमान वाढवत राहतो, शेजारचा कनेक्टर मऊ पडतो, तरी बीजीएच्या (खाली सोल्डरच्या गोळ्या असलेल्या चिपच्या) मधले बॉल घट्टच. घाईने चिप ओढली की बोर्डावरचा तांब्याचा पॅड उचलून येतो आणि चांगला बोर्ड स्क्रॅपमध्ये जातो. आता बोर्ड खालून सावकाश साधारण 130-150 अंशांवर आणतो, मग वरून थोडीच हवा पुरते. चिपच्या कडेला चिमट्याने हलकेच टोचलं की ती किंचित सरकते आणि आपोआप जागेवर परत येते. म्हणजे सगळे बॉल वितळलेत. उचलायची ती तेव्हाच. पॅड उचलण्याचं प्रमाण खूपच कमी झालंय.

तक्रारीही आहेत. सोबत आलेले तयार प्रोफाइल (किती वेळात किती तापवायचं याचे आराखडे) आमच्या एकाही बोर्डाला चालले नाहीत. प्रत्येक डिझाइनसाठी एक बाद बोर्ड घेऊन, बीजीएखाली भोक पाडून तापमान मोजणारं थर्मोकपल बसवावं लागतं आणि त्यात सहज अर्धा दिवस जातो. ओलाव्याचा प्रश्न तर कुठलंच स्टेशन सोडवत नाही. एमएसएल 3 (ओलाव्याला संवेदनशीलतेची पातळी) चे पार्ट पाकिटाबाहेर 168 तास चालतात, तेही 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत. मुदत उलटलेला बोर्ड ओव्हनमध्ये बेक करून ओलावा न काढता तापवला की आतली वाफ पॅकेज फोडते. त्यामुळे ओव्हनचा वेळ हिशेबात धरायलाच हवा.

खर्च खरा आटोक्यात आला तो नोंदींमुळे. स्टेशन प्रत्येक वेळचा तापमानाचा आलेख बोर्डाच्या नंबरासह साठवतं. त्याला जोडून आम्ही दोष, पार्टची जागा, लागलेला वेळ आणि नंतरची साफसफाई, एक्स-रे, री-टेस्ट हे सगळं लिहायला लागलो. डीसोल्डरिंगपेक्षा पुढच्या तपासण्यांनाच जास्त वेळ जातो, हे तेव्हा कागदावर दिसलं. आणि एकच क्यूएफएन (बाहेर पाय नसलेली सपाट चिप) पुन्हापुन्हा यादीत यायचा. स्टेन्सिलमध्ये (सोल्डर पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्यात) त्याच्या मधल्या थर्मल पॅडला एकच मोठी खिडकी होती. पेस्ट जास्त पडायची, पार्ट तरंगायचा आणि कडेच्या पिना जोडल्याच जायच्या नाहीत. खिडकीचे छोटे तुकडे करून घेतले आणि त्या जागेचं रीवर्क जवळजवळ थांबलं. ती बचत स्टेशनच्या हीटरने कधीच करून दिली नसती.

त्याच नोंदींवरून एक नियमही ठरवला: हात लावण्याआधी बोर्डाची किंमत आणि दुरुस्तीचा पूर्ण खर्च समोरासमोर मांडायचा. स्वस्त बोर्ड सरळ बाद. एकाच जागेवर बीजीए दोनदा बदलून झाला की तिसऱ्यांदा तापवायचा नाही, मग डिस्पॅचची कितीही घाई असो. सुरुवातीला प्रॉडक्शनवाल्यांना हे पटलं नव्हतं. आता तेच आधी नोंदी उघडतात.

घ्यावं का? मल्टीलेअर बोर्ड आणि बीजीए रोजचे असतील तर नक्की घ्या, पण प्रोफाइलचा आलेख बाहेर काढता येतो ना, हे डेमोमध्येच आपल्या बोर्डावर तपासा. दोन लेअरचे बोर्ड आणि बहुतेक चिप-रेझिस्टर, कपॅसिटरचंच काम असेल, तर चांगलं आयर्न आणि छोटी प्रीहीट प्लेट पुरते.