नोकरी, फ्रीलान्स की स्वतःचं चॅनेल? वाहन पत्रकारितेत उतरणाऱ्या मुलींसाठी

गाड्यांवर लिहायचं असं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न सुरुवात कुठून करायची हा असतो. मासिकात किंवा वेबसाइटवर नोकरी धरायची, फ्रीलान्स लिहायचं, की थेट स्वतःचं व्हिडिओ चॅनेल काढायचं? हा प्रश्न मुलांनाही पडतो. पण मुलींना त्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. ‘हिला गाडीतलं काय कळतं’ असं मनात ठेवून वाचणारे वाचक या क्षेत्रात आजही आहेत, आणि त्यांच्यासमोर उभं राहण्याचं बळ तिन्ही वाटांवर सारखं मिळत नाही.

माझं मत आधीच सांगते. जमलं तर पहिली काही वर्षं रोड टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर मोजून तपासण्याचं काम, करणाऱ्या टीममध्ये काढा, मग हवं ते करा.

याचं कारण टेस्टच्या दिवशी समजतं. गाडीत वेग आणि अंतर नोंदवणारं यंत्र, जीपीएस डेटा लॉगर, बसवतात. टायरमधली हवा, टाकीतलं इंधन, गाडीत किती माणसं बसली आहेत, हे सगळं शीटवर लिहून घेतात. मग ताशी 0 ते 100 किलोमीटर वेग गाठायचा रन. एका दिशेला वारा पाठीशी असतो किंवा रस्त्याला न दिसणारा उतार असतो, म्हणून तोच रन उलट दिशेनेही घेतात आणि दोन्हींची सरासरी छापतात. 100 वरून शून्यावर ब्रेक मारायचे तेही पुन्हा पुन्हा, कारण तापलेले ब्रेक वेगळे वागतात. ही शीट जिच्या हातची आहे तिला कोणी ‘काय कळतं’ म्हटलं तर वाद घालत बसावं लागत नाही, आकडे समोर असतात. त्यातच भर म्हणजे एका वर्गातल्या चार गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर लागोपाठ चालवायला मिळतात. कोणत्या गाडीचा बॉडी रोल (वळणावर एका बाजूला झुकणं) जास्त आणि कोणत्या गाडीचं स्टेअरिंग मधोमध ढिलं, हे अंगात मुरतं ते अशाच दिवसांत. एकटीने इतक्या गाड्या एकत्र जमवणं जवळपास अशक्य असतं.

नोकरीत खटकणारी गोष्टही आहे, आणि ती लहान नाही. मुलीकडे छोटी ऑटोमॅटिक, फॅमिली कार, डिकीत किती सामान मावतं, आतले रंग कसे आहेत, अशीच कामं येत राहतात. स्पोर्ट्स कार आणि ट्रॅकचा दिवस दुसऱ्याच कोणाला मिळतो. म्हणून मुलाखतीतच विचारून घ्या की टेस्टिंगची उपकरणं कोण चालवतं, नवीन माणसाला ट्रॅकवर कधी नेतात, प्रेस कारच्या, म्हणजे कंपनीने पत्रकारांना चालवायला दिलेल्या गाडीच्या, इन्शुरन्समध्ये ज्युनिअरला चालवायची परवानगी असते का. उत्तर गोलमोल आलं तर ती नोकरी डेस्कवर बसण्याचीच आहे असं समजा.

अमेरिकेतल्या वाहन पत्रकार जीन जेनिंग्ज यांचा प्रवास या वाटेवरचा माझा सर्वात आवडता आहे. त्यांनी टॅक्सी चालवली, मग क्रायस्लरच्या टेस्ट ट्रॅकवर काम केलं, 1980 मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकात आल्या, काही वर्षांनी संपादक डेव्हिड ई. डेव्हिस यांच्याबरोबर ‘ऑटोमोबाइल’ मासिकाच्या उभारणीत होत्या आणि पुढे त्याच मासिकाच्या मुख्य संपादक झाल्या. स्वतःची वेबसाइट त्यांनी काढली ती या सगळ्यानंतर. हाच क्रम मला पटतो.

फ्रीलान्सचं गणित निराळं आहे. कंपन्या गाडी देतात ती सहसा प्रकाशनाच्या नावावर. त्यामुळे हातात काम दिल्याचं संपादकाचं पत्र नसेल तर प्रेस कार मिळवणंच अवघड होतं. मिळाली तर करार नीट वाचा. ओरखडा आला तर पहिला खर्च कोणाचा, दंडाच्या पावत्या कोणाच्या नावावर, गाडीत दुसरा कोणी बसलेला चालतो का, हे त्यात असतं. लाँच ड्राइव्हला, म्हणजे नवी गाडी पत्रकारांना पहिल्यांदा चालवायला देतात त्या कार्यक्रमाला, प्रवास आणि हॉटेलचा खर्च बहुतेक वेळा कंपनीच करते. तसं असेल तर लेखात स्पष्ट लिहावं. पगारी पत्रकाराला एखादं आमंत्रण नाकारणं सोपं असतं, कारण मागे ऑफिस असतं. फ्रीलान्सरला पुढच्या यादीतून नाव गळण्याची भीती असते, आणि तिचा परिणाम लिखाणावर होतो.

तरीही एका कामासाठी फ्रीलान्सला तोड नाही. एकच विषय धरून तो खोलवर करायचा असेल तर. सुरक्षिततेचंच बघा. क्रॅश टेस्टमध्ये दशकानुदशकं मुख्य डमी (माणसाच्या जागी बसवलेला पुतळा) राहिला तो सरासरी पुरुषाच्या मापाचा, साधारण 175 सेंटिमीटर आणि 78 किलोचा. ‘स्त्री’ म्हणून वापरला गेलेला डमी जेमतेम 150 सेंटिमीटरचा आणि 49 किलोचा, आणि तोही मुळात पुरुषाच्याच डमीचं लहान केलेलं रूप. सरासरी स्त्रीच्या अंगबांधणीवर बेतलेला, 162 सेंटिमीटर आणि 62 किलोचा डमी स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवला तो 2022 मध्ये. उंची कमी असलेली चालक पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट पुढे ओढते आणि स्टेअरिंगच्या फार जवळ येते. एअरबॅगसाठी छाती आणि स्टेअरिंग यांच्यात किमान 25 सेंटिमीटर अंतर असावं असं सांगितलं जातं. प्रत्येक गाडीत टेप लावून हे अंतर मोजा, स्टेअरिंग फक्त वरखाली होतं की पुढेमागेही सरकतं ते पाहा, बेल्ट मानेवर येतो की खांद्यावर ते लिहा. याला ‘महिलांसाठीची गाडी’ अशा सदरात कोंबू नका. कमी उंचीच्या प्रत्येक माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे, आणि तो मुख्य रिव्ह्यूमध्येच हवा.

चॅनेलचा मोठा फायदा म्हणजे विषय कोणी वाटून देत नाही. सुपरबाइक हवी तर सुपरबाइक. मात्र कॅमेऱ्यासमोर चेहरा येतो आणि निम्म्या कमेंट गाडीऐवजी दिसण्यावर येतात. त्या रोज वाचून काम करत राहणं थकवणारं आहे, हे आधीच धरून चाला. कमेंट तपासायला दुसरं माणूस नेमता आलं तर पहिला पैसा तिथे घाला. नव्या गाडीचा एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी काही प्रसिद्ध न करण्याची कंपनीची अट, उठतो त्या मिनिटाला सगळ्यांचे व्हिडिओ एकदम येतात आणि मोठी चॅनेलं पुढे निघून जातात. नव्या चॅनेलने त्या शर्यतीत उतरूच नये. वर्षभर वापरलेल्या गाडीच्या मालकिणीशी बोला, सर्व्हिसची बिलं दाखवा, कोणता भाग लवकर झिजला ते सांगा. असे व्हिडिओ पुढेही बरेच दिवस शोधून पाहिले जातात.

लेखणी आणि कॅमेरा यांत कायमची निवड करावी लागते असंही नाही. ब्रिटनमध्ये सू बेकर ‘ऑब्झर्व्हर’ वृत्तपत्रासाठी गाड्यांवर लिहीत होत्या आणि 1980 ते 1991 बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या गाड्यांवरच्या कार्यक्रमातही दिसत होत्या. त्याही आधीच्या पिढीतल्या अमेरिकन पत्रकार डेनिस मॅक्लगेज वृत्तपत्रात वार्तांकन करता करता स्वतः शर्यतीत उतरल्या, 1958 मध्ये पुढे ‘ऑटोवीक’ झालेलं नियतकालिक सुरू करणाऱ्यांत होत्या, आणि 1961 मध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या शर्यतीत फेरारीतून जीटी वर्ग (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांचा गट) जिंकल्या. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत महिला पत्रकारांना पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या दुरुस्त करतात त्या जागी) पाऊलही टाकू देत नसत, तो हा काळ.

चौथी वाट कंपनीच्या पीआरची, म्हणजे जनसंपर्काच्या नोकरीची. पगार नियमित, कामाची वेळ जरा माणसासारखी. पण तिथून परत पत्रकारितेत आलं की त्या कंपनीच्या गाडीबद्दल लिहिलेला प्रत्येक शब्द वाचक संशयाने वाचतो. म्हणून ही वाट शेवटी ठेवा.

नोकरी धरलीत तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. स्वतः केलेल्या टेस्टवर बायलाइन (लेखावरचं लेखिकेचं नाव) आपलीच राहील, आणि नोकरीबाहेर स्वतःच्या नावाने गाड्यांवर काही करायला मनाई आहे का. दुसरं कलम बऱ्याच करारांत असतं, आणि पुढे चॅनेल काढायचं असेल तर तेच आड येतं. नोकरी सोडल्यानंतरही ते किती महिने लागू राहतं, तेवढं तारखेसकट लिहून घ्या.